नवव्या सिम्फनीच्या कॉप्या कोणी केल्या? ‘कॉपीइंग बीथोव्हेन’ सिनेमाचं एक प्रकरण

‘कॉपीइंग बीथोव्हेन’ हा २००६ चा सिनेमा. दिग्दर्शिका अग्निएश्का हॉलंड, बीथोव्हेन झालाय एड हॅरिस आणि डायान क्रुगर आहे ॲना होल्ट्झ, म्हणजे संगीत शिकणारी एक तरुण मुलगी जी नवव्या सिम्फनीचा स्कोर स्वच्छ उतरवून द्यायला त्याच्या घरी येते. कार्यक्रमाला फक्त चार दिवस उरलेत, शेवटचा भाग अजून हातात नाही, नेहमीचा कॉपीस्ट श्लेमर आजारी, मालकाला ऐकू येत नाही आणि स्वभाव तर असा की माणूस दारातूनच परत जावा. सिनेमा म्हणून सेटिंग एकदम चोख आहे, घड्याळ लावलंय, दोन माणसं एका खोलीत कोंडलीत, आता बघा काय होतं ते.

मला या सिनेमाबद्दल मनापासून ओढ आहे आणि म्हणूनच त्याच्याशी भांडायचंय. कारण ७ मे १८२४ ला व्हिएन्नाच्या कॅर्न्टनरटोर थिएटरमध्ये नववी सिम्फनी पहिल्यांदा वाजली त्यामागची जी खरी धडपड होती ती बऱ्यापैकी कागदोपत्री उपलब्ध आहे. बीथोव्हेन १८१८ पासून लोकांशी वह्यांमधून बोलायचा, समोरचा माणूस वहीत लिहायचा आणि तो तोंडाने उत्तर द्यायचा, अशा शंभराहून जास्त वह्या टिकल्यात. पत्रं आहेत, कच्च्या मसुद्यांच्या वह्या आहेत, कॉपीस्टने उतरवलेला आणि बीथोव्हेनने तपासलेला स्कोर आहे. हे सगळं समोर ठेवून बघितलं की सिनेमाने कुठे हात राखला आणि कुठे नेमकी नस पकडली ते कळतं. तर हे तेवढंच प्रकरण, एक सिनेमा आणि एक कार्यक्रम.

आधी घड्याळाचं बघू

सिम्फनी १८२४ च्या फेब्रुवारीत पूर्ण झाली होती. म्हणजे कार्यक्रमाच्या आधी चार दिवस नाही तर जवळपास तीन महिने. श्लेमर, वेन्झेल श्लेमर, हा खरा माणूस, बीथोव्हेनचा कितीतरी वर्षांचा भरवशाचा कॉपीस्ट, पण तो १८२३ च्या ऑगस्टमध्येच वारला. सिनेमात तो आजारी का होईना पण जिवंत आहे, तो ॲनाला बोलावून घेतो आणि तिथून गोष्ट सुरू होते. प्रत्यक्षात नववी पूर्ण होताना तो नव्हताच आणि हीच तर मोठी अडचण होती.

आता तुम्ही म्हणाल चार दिवस काय नि तीन महिने काय, सिनेमाला एवढी मोकळीक असतेच. असते, मान्य. पण हा बदल केला की धडपडीची जागाच बदलते. सिनेमात धडपड म्हणजे ‘अजून लिहून झालं नाही’. प्रत्यक्षात लिहून झालं होतं आणि तरी ते वाजत नव्हतं, कारण लिहिलेलं आणि वाजणारं यांच्यामध्ये एक अख्खा डोंगर होता.

आणि लिहिण्यातली धडपड म्हणाल तर ती सिनेमातल्यापेक्षा कितीतरी जास्त थरारक होती, फक्त ती खोलीत आरडाओरडा करून झाली नाही, कागदावर झाली. जर्मन कवी शिलरची ‘आनंदा’वरची कविता, जी चौथ्या भागात गायली जाते, ती १७८५ ची. बीथोव्हेन विशीत होता तेव्हापासून ती स्वरबद्ध करायचं त्याच्या डोक्यात होतं. पण सिम्फनी म्हणजे फक्त वाद्यांची रचना, त्यात गाणारे आणायचे तरी कसे? तीन भाग नुसते वाद्यांचे झाले आणि चौथ्यात अचानक माणसं उभी राहून गायला लागली तर ऐकणारा विचारणारच की हे मधेच काय. बीथोव्हेनलाही हाच प्रश्न पडला होता. शेवटचा भाग वाद्यांचाच ठेवायचा असाही विचार होता, त्यासाठी सुचलेली चाल पुढे त्याने ए मायनरच्या क्वार्टेटमध्ये (चार तंतुवाद्यांची रचना), ओपस १३२ मध्ये, वापरली.

मग त्याने काय केलं ते मसुद्यांमध्ये दिसतं. चौथा भाग एका भयंकर कोलाहलाने सुरू होतो, मग चेलो आणि डबल बास एकटेच, कोणी बोलावं तसे, काहीतरी म्हणतात. मग पहिल्या भागाची आठवण वाजते, ते तिला अडवतात. दुसऱ्या भागाची आठवण, तीही नको. तिसऱ्याची, फार गोड आहे पण तीही नको. हे ऐकताना आपल्याला वाटतंच की ही वाद्यं बोलतायत, आणि मसुद्यात बघितलं तर खरंच तिथे शब्द लिहिलेले आहेत, प्रत्येक आठवणीला नकार देणारे, हे नको दुसरं काहीतरी हवं अशा अर्थाचे. शेवटी ते शब्द त्याने काढून टाकले आणि नुसते सूर ठेवले. मग गायक कसा आत येणार त्याची पहिली कल्पना अशी होती की ‘चला, अमर शिलरचं गाणं गाऊया’ असं काहीतरी त्याने म्हणायचं. मसुद्यात ही ओळ आहे. कल्पना करा, तासाभराहून लांब सिम्फनीच्या ऐन टोकाला येऊन एक माणूस उभा राहतो आणि चक्क कवीचं नाव घेऊन अनाउन्समेंट करतो. बीथोव्हेनला ते पटलं नाही आणि त्याने स्वतःची ओळ लिहिली, ‘मित्रांनो, हे सूर नकोत’. शिलरची नाही, त्याची स्वतःची. त्या एका ओळीने आधीचं सगळं नाकारणं आणि पुढचं सगळं गाणं जोडलं गेलं.

हे सिनेमात नाही. एक माणूस ओळ लिहितो, खोडतो, परत लिहितो हे पडद्यावर दाखवणं अवघड आहे हे मला कळतं. पण मास्टरपीस बनवण्याच्या धडपडीवर सिनेमा काढायचा आणि ही खोडाखोडच गाळायची, हे मला फार लागतं. ॲना त्याच्या शेजारी बसलेलीच होती ना, तिच्या हातात ते कागद होतेच ना, तिने नुसतं विचारलं असतं की हे शब्द का काढलेत, तर केवढा सीन झाला असता.

आता कॉपीचा डोंगर

ज्यांनी ऑर्केस्ट्राचं काम जवळून बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंपोजरचा स्कोर म्हणजे सगळी वाद्यं एकाखाली एक मांडलेलं पान. वाजवणाऱ्याला ते पान उपयोगाचं नसतं, त्याला फक्त त्याची ओळ हवी, वेगळ्या कागदावर, स्वच्छ, आणि तो वाजवत नाही तेव्हा किती मात्रा गप्प बसायचं त्याचे आकडे बरोबर हवेत. आकडा एकाने चुकला तर तो माणूस चुकीच्या जागी आत घुसणार. पान उलटायची जागासुद्धा अशी हवी की हात मोकळा असेल. बीथोव्हेनला या कार्यक्रमासाठी २४ व्हायोलिन, १० व्हायोला, १२ चेलो-बास आणि फुंकवाद्यं दुप्पट हवी होती, वर कोरस आणि चार सोलो गायक. एका स्टँडवर दोघं धरले तरी प्रत्येक स्टँडला तासाभराहून लांब संगीताचा हाताने लिहिलेला पार्ट. झेरॉक्स नाही, छापील नाही, सगळं टाकाने. आणि त्याच कार्यक्रमात नववीशिवाय एक ओव्हर्चर (सुरुवातीला वाजणारी वाद्यांची रचना) आणि ‘मिसा सोलेम्निस’ या त्याच्या मासचे तीन भागसुद्धा होते, त्यांचेही पार्ट हवेतच.

हे सगळं ज्या अक्षरावरून उतरवायचं ते अक्षर बीथोव्हेनचं. शाई सांडलेली, खाडाखोड, ओळीवर ओळ, कधी समासात दुरुस्ती. श्लेमरला ते वाचता यायचं, वर्षानुवर्षं वाचून त्याला हात कळला होता. तो गेल्यावर वेगवेगळे कॉपीस्ट आले आणि बीथोव्हेनचं कोणाशीच धड जमेना. नववीचा कॉपीस्टच्या हाताचा जो स्कोर आहे, तो २००३ मध्ये सदबीजच्या लिलावात २१ लाख पौंडांच्या वर गेला, त्यात बीथोव्हेनने ठिकठिकाणी दुरुस्त्या केल्यात आणि एका जागी कॉपीस्टला उद्देशून सरळ शिवी हाणलीय, ‘अरे हलकटा’ म्हणावं अशी.

पण सगळ्यात बोलकं प्रकरण वोलानेकचं. फर्डिनांड वोलानेक, हाही कॉपीस्ट, १८२५ मध्ये बीथोव्हेनच्या बोलण्याला वैतागून त्याने काम परत केलं आणि सोबत पत्र लिहिलं. पत्र अतिशय अदबीचं आहे आणि आतून धगधगतंय. त्यात तो म्हणतो की हायडन आणि मोझार्ट तुमच्याकडे कॉपीस्ट असते तर त्यांचंही माझ्यासारखंच झालं असतं, एवढंच माझं समाधान, आणि गुलामासारखं वागवून घेण्यात धन्यता मानणाऱ्यांमध्ये मला धरू नका. बीथोव्हेनने ते पत्र आडवं-तिडवं खोडलं आणि त्याच कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, मूर्ख, गर्विष्ठ, गाढवा. आणि खाली आणखी, की मला शिकवण्यापेक्षा आधी तुझ्या अडाणीपणाने झालेल्या चुका दुरुस्त कर, तू मला शिकवणं म्हणजे डुकरिणीने विद्येच्या देवीला, मिनर्व्हाला, शिकवण्यासारखं आहे.

हे वाचून सिनेमाचा सुरुवातीचा एक सीन आठवा. ॲना त्याच्या स्कोरमधली एक जागा स्वतःच्या समजुतीने बदलून आणते आणि तोंडावर सांगते की तुम्हाला इथे हेच हवं होतं. तो गुरकावतो, पण मग मान्य करतो, आणि तिथून त्याचा तिच्यावर विश्वास बसतो. सीन छान वठलाय, एड हॅरिसचे डोळे तिथे काय बदलतात! पण वोलानेकच्या पत्राशेजारी ठेवला तर तो पूर्ण स्वप्नातला आहे. बीथोव्हेनला कॉपीस्टने ‘सुधारलेलं’ अजिबात खपत नसे आणि त्याला कारणही होतं. त्याच्या संगीतात विचित्र वाटणाऱ्या जागा मुद्दाम असतात. नववीच्या चौथ्या भागात, कोरस पूर्ण आवाजात मुख्य चाल घेऊन कोसळायच्या जरा आधी, सगळं शांत होतं आणि हॉर्न एकाच सुरावर अडखळत राहतात. त्यांच्या स्वरांना जोडणाऱ्या रेघा मूळ लेखनात वेड्यावाकड्या आहेत, कुठे जोड आहे कुठे नाही, त्यामुळे ठेका डळमळतो. नंतरच्या छापील आवृत्त्यांनी ते सरळ करून टाकलं, एकसारखं, नीटनेटकं. जोनाथन डेल मार याने मूळ साधनं तपासून १९९६ मध्ये जी आवृत्ती काढली तिच्यात तो अडखळणारा हॉर्न परत आला. म्हणजे सव्वाशे-दीडशे वर्षं लोक एका ‘दुरुस्त’ केलेल्या जागेवरून नववी वाजवत होते. चांगला कॉपीस्ट तो, जो समजलं नाही तरी आहे तसं उतरवतो. हे काम सोपं नाही, यात स्वतःच्या शहाणपणाला रोज आवर घालावा लागतो, आणि सिनेमाने नेमकं याच्या उलट गोष्टीला टाळी दिलीय.

या कामाची किंमत आपल्याकडे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंनी चांगली ओळखलेली होती, म्हणजे कामापुरती ओळखलेली, श्रेय देताना नाही. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवणार, आणि ती नोटेशनमध्ये बसवून व्हायोलिनला काय, चेलोला काय, ट्रम्पेटला काय ते वेगवेगळं लिहून देणारे बहुतेक गोव्याचे, चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन शिकलेले. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्यांच्या हातचे कागद समोर नसते तर पन्नास-साठ वादक एका टेकमध्ये एकत्र वाजूच शकले नसते. ॲनाचं पात्र मला भिडतं ते याच कारणामुळे. पडद्यावर एकदा तरी कोणीतरी त्या टेबलावर, त्या टाकाशी, त्या मेणबत्तीशी कॅमेरा नेला.

हॉल, परवानगी, गायक

हे सिनेमात जवळपास नाहीच, पण प्रत्यक्षात तीन महिने गेले ते यात. व्हिएन्नात तेव्हा रॉसिनीच्या ऑपेरांचं वेड होतं आणि बीथोव्हेन वैतागून नवं काम बर्लिनला वाजवायच्या गोष्टी करत होता. ते ऐकून फेब्रुवारीत शहरातल्या ३० प्रतिष्ठित लोकांनी सह्यांचं पत्र दिलं की हे आमच्याच शहरात होऊ द्या. ते पत्र पेपरात छापून आलं आणि लोकांना वाटलं की यानेच लिहवून घेतलं असेल, त्यावर तो परत भडकला.

मग हॉल. थिएटर आन देर वीन मिळत होतं, पण तिथे वादकांचा प्रमुख फ्रान्झ क्लेमेंट आणि बीथोव्हेनला हवा होता शुप्पानझिग, त्याचा जुना माणूस. त्यावरून फिसकटलं. मार्चची तारीख एप्रिलवर, एप्रिलची मेवर. थिएटरमध्ये मासचे, म्हणजे चर्चच्या उपासनेचे, भाग गायला सेन्सॉरची मनाई, तर त्यासाठी काउंट लिखनोव्स्कीने पोलीसप्रमुखाकडे शब्द टाकला आणि ते तीन भाग ‘तीन भव्य स्तोत्रं’ या नावाने जाहिरातीत आले. तिकिटाचे दर वाढवायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही. पूर्ण रिहर्सल फक्त दोन मिळाल्या. नववीसाठी दोन! आज रोज वाजवणारे ऑर्केस्ट्रा तिच्यासाठी याहून जास्त वेळ ठेवतात, आणि त्या लोकांनी तर ती आयुष्यात ऐकलेलीच नव्हती, त्यात थिएटरच्या वादकांमध्ये संगीतप्रेमी मंडळाचे हौशी वादक मिसळलेले.

सिनेमाला या गोष्टीत एक स्त्री हवी होती म्हणून ॲना घडवली, हे समजू शकतं. पण खऱ्या गोष्टीत स्टेजवर दोन तरुण मुली उभ्या होत्याच. सोप्रानो, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारी, हेन्रिएट झोन्टाग, वय १८. आल्टो, म्हणजे त्याखालच्या पट्टीत गाणारी, कॅरोलिन उंगर, वय २०. दोघी बीथोव्हेनच्या घरी जाऊन गाणं बसवत होत्या आणि इतके वरचे सूर इतका वेळ धरायला लावणाऱ्या त्या लिखाणाशी झगडत होत्या. उंगरने त्याला तोंडावर सांगितलं की तुम्ही गळ्यांवर जुलूम करणारे आहात. थोडं खाली आणा म्हणून दोघींनी विनवलं, त्याने एक सूर बदलला नाही. बासचा गायक तर ऐनवेळी बाजूला झाला आणि जोसेफ झाइपेल्टला थोड्या दिवसांत ते सगळं शिकावं लागलं, ती ‘मित्रांनो, हे सूर नकोत’ ओळसुद्धा त्याचीच. अठरा-वीस वर्षांच्या या मुली समोर बसलेल्या बहिऱ्या माणसाशी वहीत लिहून भांडतायत आणि परत उभं राहून गातायत. काल्पनिक पात्र घडवायची गरजच नव्हती.

७ मेची संध्याकाळ

आता सिनेमाचा तो प्रसिद्ध सीन. बीथोव्हेन कंडक्ट करायला उभा राहतो, त्याला काही ऐकू येत नाही, आणि ॲना वादकांच्या मधोमध खाली बसून त्याला हातांनी ताल देते, एन्ट्री देते. तो तिच्याकडे बघत हात हलवतो, ती डोळे मिटते, दोघांचे हात एकाच लयीत फिरतात, कॅमेरा दोघांमध्ये तरंगत राहतो. बराच मोठा सीन आहे आणि संगीत पुरेसं सलग ऐकू देतो, जे असल्या सिनेमांमध्ये फार कमी होतं. मी हा सीन कितीही वेळा बघू शकतो. संगीत दोन शरीरांमधून कसं वाहतं हे इतकं उघड, इतकं धीटपणे दाखवलेलं मी दुसरीकडे बघितलं नाही.

पण प्रत्यक्षात काय झालं? प्रत्यक्षात कंडक्टर होता मिखाएल उमलाउफ. बीथोव्हेन त्याच्या बाजूला उभा राहून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लय दाखवत होता आणि मग संगीतात बुडून जात होता. त्या दिवशी वाजवणारा व्हायोलिनिस्ट योसेफ ब्योम याने लिहून ठेवलंय की तो वेड्यासारखा पुढे-मागे झोकत होता, कधी पूर्ण उंच ताणून उभा तर कधी जमिनीपर्यंत वाकलेला, सगळी वाद्यं स्वतःच वाजवायची असल्यासारखे हातपाय हलवत होता. आणि उमलाउफने सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, त्याच्याकडे बघायचं नाही, फक्त माझ्याकडे बघायचं. यामागे आधीचा अनुभव होता. १८२२ मध्ये ‘फिडेलिओ’ या त्याच्याच ऑपेराच्या रिहर्सलला बीथोव्हेनने स्वतः सूत्रं घेतली होती आणि सगळं कोसळलं होतं.

म्हणजे ज्या माणसाने ते लिहिलं त्याच्याकडे दुर्लक्ष केलं म्हणूनच ते नीट वाजू शकलं. सिनेमाला हे झेपलं नाही असं मला वाटतं. त्याने बाजूला सारलेल्या माणसाला परत मधोमध आणलं आणि त्याच्यासाठी एक आधार निर्माण केला. मन सुखावतं हे खरं, पण खरी परिस्थिती जास्त क्रूर होती आणि मला ती जास्त मोठी वाटते. आपलंच संगीत सुरू आहे, आपल्या डोक्यात ते वेगळ्या जागी पोचलंय, समोर एवढी सगळी माणसं ठरवून आपल्याकडे बघत नाहीयेत, आणि हे त्याला माहीत असेल किंवा नसेल. एड हॅरिससारखा नट हाताशी असताना हा सीन कोणी का लिहिला नाही!

टाळ्यांचा प्रसंग मात्र खरा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बीथोव्हेन पाठ करून उभा, तेव्हा उंगरने त्याला धरून प्रेक्षकांकडे वळवलं. हे दुसऱ्या भागानंतर झालं की अगदी शेवटी याबद्दल तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी जुळत नाहीत, पण वळवणारी उंगर होती हे तिनेच पुढे म्हातारपणी सांगितलं. सिनेमात हे काम अर्थातच ॲनाला दिलंय. उंगरकडून तेवढंही काढून घेतलं याचं मला वाईट वाटतं.

आणि मग हिशेब

दुसऱ्या दिवसापासून सिनेमात विजयाचं वातावरण आहे. कागदांवर तसं नाही. त्याचा सेक्रेटरी शिंडलर याच्या हिशेबाप्रमाणे जमा झाले सुमारे २,२०० फ्लोरिन (तिथलं तेव्हाचं चलन), त्यातले १,००० थिएटरला, कॉपीच्या कामाला जवळपास ८००, आणि हातात राहिले ४२०. शिंडलर हा फारसा विश्वासार्ह साक्षीदार नाही, त्याने संवाद-वह्यांमध्ये नंतर स्वतःच नोंदी घुसवल्या हे १९७७ मध्ये उघड झालं, त्यामुळे त्याचं सगळं ताडून घ्यावं लागतं. पण बीथोव्हेन या रकमेवरून खचला आणि नंतर जेवायला बोलावलेल्या मंडळींसमोर शिंडलरवरच फसवणुकीचा आरोप केला, हे त्याच्या एकूण वागण्याशी जुळतं. त्या ८०० च्या आकड्याकडे परत एकदा बघा. एकूण गल्ल्याच्या एक तृतीयांशाहून जास्त पैसा फक्त हाताने उतरवण्यावर गेला. सिनेमाच्या नावातच कॉपी आहे आणि हा आकडा सिनेमात नाही.

२३ मेला, रविवारी दुपारी, दुसरा कार्यक्रम ठेवला. यावेळी राजवाड्यातला मोठा हॉल. उन्हाचा छान दिवस, लोक बाहेर फिरायला गेले आणि हॉल निम्मासुद्धा भरला नाही. तोटा झाला. बीथोव्हेनला ठरलेले ५०० फ्लोरिन मिळाले, तेही घ्यायला तो आधी तयार नव्हता.

सिनेमा इथून उडी मारून ‘ग्रोसे फुगे’कडे जातो, म्हणजे क्वार्टेटचा तो प्रचंड अवघड शेवट जो १८२६ च्या मार्चमध्ये वाजला आणि लोकांच्या डोक्यावरून गेला. ॲना होल्ट्झ हे नावही तिथलंच दिसतं, कारण त्या क्वार्टेटमध्ये दुसरं व्हायोलिन वाजवणारा कार्ल होल्झ शेवटच्या वर्षांत बीथोव्हेनचा मदतनीस होता आणि कॉपीचंही बघायचा. हा भाग घाईत उरकलाय, इंजिनिअर प्रियकर आणि त्याच्या पुलाचं मॉडेल यात वेळ घालवलाय, मला त्याचं विशेष काही नाही.

पण त्याच उत्तरार्धात एक सीन आहे जो नववीच्या सीनपेक्षाही मला खरा वाटतो. ॲना धीर करून स्वतःची रचना बीथोव्हेनला दाखवते. तो पियानोवर ती वाजवतो आणि तोंडाने पादल्याचे आवाज काढून तिची इतकी वाईट टर उडवतो की ती काही न बोलता निघून जाते. नंतर तो तिच्याकडे जाऊन गुडघ्यावर बसून माफी मागतो आणि मग दोघं त्याच रचनेवर बसून काम करतात, इथे का थांबलीस, हे कोणासारखं लिहिलंयस, तुझं काय आहे यात, असं. वोलानेकला अशी माफी कधी मिळाली नाही. त्या पत्रावरच्या शिव्या तशाच राहिल्या, आणि ते पत्र बीथोव्हेनच्या हातचा कागद म्हणून जपलं गेलं. सिनेमा ज्यांना बघायचाय त्यांनी नववीचा सीन झाल्यावर उठू नका, या सीनपर्यंत थांबा.